कसा वाटला ?

चित्रपट संपून पडद्यावर नांवें सरकूं लागलीं, कीं आमच्या घरांत दुसरा खेळ सुरू होतो. पूर्वीं तो थिएटराहून परततांना रस्त्यानें चालत असे. आतां दिवाणखान्यांतच टीव्हीसमोर चालतो, एवढाच काय तो फरक. ‘कसा वाटला ?’ एवढें कोणीं विचारावें, कीं नऊ माणसांचीं नऊ मतें बाहेर पडतात; कित्येकदां दहा, कारण आमचे धाकटे बंधु पाणी प्यावयास जातांना एका मताचे असतात आणि परत येतात ते दुसऱ्याच. या दरबाराचा न्यायाधीश मीच, अशी माझी जुनी समजूत. पहिल्या दहा मिनिटांत निकाल ठरवावयाचा आणि उरलेले दोन तास त्यास पुरावा गोळा करावयाचा, ही माझी पद्धत. वाचकांपैकीं पुष्कळांची हीच असावी, असा मला दाट संशय आहे.

‘श्वास’ (२००४) पाहून सारें घर मुकें झालें होतें. ‘सैराट’ (२०१६) पाहिल्यावर मात्र आठवडाभर चहा निवत राहिला. गेल्या महिन्यांत पुतण्यानें ‘कुंकू’ लावला. प्रभातचा, व्ही. शांतारामांचा, १९३७ सालचा. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो घेतलेला. पोरक्या नीरेला फसवून एका वयस्क बिजवर वकिलाच्या गळ्यांत बांधतात आणि ती त्या वृद्धास पति मानण्याचें साफ नाकारते, ही कथा बहुतेकांस ठाऊक असेलच.

“फार संथ आहे, काका,” पुतण्यानें आरंभ केला, “आणि मागें संगीत कसें नाहीं ?” तें मुद्दामच ठेवलेलें नाहीं, घरांतले साधे आवाजच तेथें संगीताचें काम करतात, हें मीं त्यास ऐटीनें समजावून दिलें. सूनबाईंस शांता आपट्यांचें करारी बोलणें आवडलें. इंग्रजी कविता गाणारी नायिका त्या काळीं कशी चालली, याचें मंडळींस नवल वाटलें. बंधूंनीं नवरदेवाच्या वयावर एक विनोद केला, त्यावर सारे हंसले. मग मीं निकाल दिला : “कांहीं म्हणा, खरा चित्रपट केशवराव दात्यांचा. नीरेचा राग कोणालाहि कळेल. पण त्या काकासाहेबांची तगमग! शेवटीं जीव देतो बिचारा. म्हाताऱ्याचें काम फारच छान झालें आहे.”

कोपऱ्यांतल्या खुर्चीवर आमच्या आत्याबाई होत्या. वय ८६. कोणताहि चित्रपट असो, “बरा आहे हो,” यापलीकडे त्यांचें मत आजवर कोणीं ऐकलेलें नव्हतें. त्या म्हणाल्या, “अण्णाहि अगदीं हेंच म्हणाले होते.”

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांची तसबीर टीव्हीच्या वरच टांगलेली आहे. आमच्या वंशावळींत त्यांच्या नांवापुढें ‘द्वितीय संबंध, १९३५’ अशी नोंद मीं लहानपणापासून वाचीत आलों. ती नोंद म्हणजे माझी आजी, हें मनांत कधीं आलेंच नव्हतें. लग्नांत ती पंधरा वर्षांची, आजोबा त्रेचाळीसांचे. शारदा कायद्यानें मुलीचें वय निदान चौदा हवें होतें, तेव्हां सारें कायद्यास धरूनच झालें. या विषयावर देवलांचें ‘शारदा’ नाटक १८९९ सालीं आलें. तें आमच्या घरांत सर्वांना पाठ होतें म्हणे.

“आईला कोणीं फसविलें नव्हतें,” आत्याबाई सांगूं लागल्या. “सांगून-सवरून दिलें. पुण्यांत ‘कुंकू’ लागला तेव्हां अण्णांनींच तिला नेलें. सगळें गांव जात होतें ना ! येतांना टांग्यांत म्हणाले, म्हाताऱ्याचें काम फार छान केलें आहे. मग तिला विचारलें, ‘तुम्हांला कसा वाटला ?’”

“आणि ?” सूनबाईंनीं विचारलें.

“‘गाणीं बरीं आहेत,’ म्हणाली.”

कोणी कांहींच बोललें नाहीं. पुतण्यानें टीव्ही बंद केला, पण जागचा उठला नाहीं.

“अण्णा वाईट नव्हते हो,” आत्याबाईंनींच पुढें म्हटलें. “आवाज चढवला नाहीं कधीं. हें सारें तिनें मला सांगितलें तें ते गेल्यावर, वाती वळतांना. मीं विचारलें, खरेंच कसा वाटला होता ग ? तर म्हणाली, ‘एकटीनें पुन्हां पाहावयाचा होता.’ मग एकदां तो पुन्हां लागला होता, पण त्याच आठवड्यांत मला ताप आला. राहिलाच.”

एवढें बोलून त्या उठल्या आणि नेहमीप्रमाणें दिवा मालवावयास देवघरांत गेल्या. आजीच्या हातची भाकरी मीं खाल्ली आहे, तिच्या मांडीवर निजलों आहे. पण ‘तुला कसें वाटतें?’ असें तिला एकदां तरी विचारल्याचें मला त्या रात्रीं कितीहि आठवून आठवेना. आणि ‘बिचारा’ हा शब्द मीं किती सहज वापरला होता !

पुढच्या रविवारीं चित्रपट निवडण्याचा मान मंडळींनीं आत्याबाईंस दिला. त्यांनीं ‘कुंकू’च मागितला, आणि मध्यें कोणीं बोलावयाचें नाहीं, अशी माझ्याकडे पाहून अट घातली.