शंभर सीसीची ऐपत

मोटारसायकल म्हटलं की जाहिरातीत डोंगर, धुकं आणि मोकळा रस्ता दिसतो. आमच्या बदलापुरात मोटारसायकल म्हणजे दोन्ही बाजूंना लटकलेले दुधाचे कॅन, मागे बांधलेला पावाचा टोपला, किंवा माझ्यासारख्याच्या टाकीवर ठेवलेली उत्तरपत्रिकांची पिशवी.

माझी स्प्लेंडर शंभर सीसीची. नेमकं सांगायचं तर 97.2. हिरो होंडाने 1985 मध्ये सीडी 100 आणली आणि 1994 मध्ये स्प्लेंडर. राजदूत, येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून द्यावं लागे. या फोर-स्ट्रोक गाड्यांनी ती कटकट संपवली आणि पेट्रोलचा खर्च मास्तराच्या पगारात बसवला.

बी.एड. होऊनही बरीच वर्षं मी तुटपुंज्या पगारावर काढली. सकाळी अंबरनाथला शाळा, दुपारी उल्हासनगरात उर्दूची शिकवणी. लोकल आहेच, पण स्टेशनपासून रिक्षा, परत स्टेशन, परत रिक्षा, यात शिकवणीचे अर्धे पैसे गेले असते. गाडीमुळे ती शिकवणी परवडली. रमजानमध्ये मगरिबच्या अजानआधी घरी पोहोचता आलं, तेही गाडीमुळेच.

गाडी घेतली ती भिशी लागली तेव्हा, रोख. व्याज नको, हा आमच्या घरचा दंडक. छोटी होती म्हणूनच तो पाळता आला. पहिल्या दिवसापासून गाडी पूर्ण माझी होती, कुणाचा हप्ता नाही की फोन नाही.

जुलै 2019 मध्ये उल्हास नदीला पूर आला, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली, तेव्हा आमची गाडीही सीटपर्यंत बुडाली होती. नाक्यावरच्या मेकॅनिकने इंजिनातलं ऑइल काढलं, कार्बुरेटर खोलून धुतला, प्लग सुकवला. संध्याकाळी गाडी चालू! उर्दूत शिकवणाऱ्यालाही उस्ताद म्हणतात आणि गॅरेजवाल्यालाही. त्या दिवशी खरा उस्ताद कोण, हे मला कळलं. 2020 पासून नव्या गाड्यांत कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता पन्नाशीतला हा उस्तादही पोरांकडून नवं शिकतोय.

आमचे चिरंजीव यंदा अठरा वर्षांचे झाले. त्यांना साडेतीनशे सीसीची हवीय, हप्त्यांवर. "अब्बा, तुमच्या गाडीला आवाजच नाही," म्हणतो. मी म्हटलं, "बेटा, आवाज नाही म्हणूनच रात्री उशिरा आलो तरी शेजारी सलाम करतात."

त्याची हौस मला कळते. या वयात माणसाला लोकांनी वळून बघावं असं वाटतं. पण घर चालतं ते न बघितलेल्या गोष्टींवर. मी त्याला सांगितलंय, लायसन्स काढ, हेल्मेट घाल, सहा महिने हीच चालव. दादीला दवाखान्यात ने, गव्हाचं दळण आण. मग बोलू.

तो तयार झालाय. अट एकच: पेट्रोल अब्बांनी भरायचं.