'डाउट' या एका शब्दाची किंमत

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. उर्दू आणि मराठी हे माझे विषय. पण घरात कुणाला इंग्रजीत काही लिहायचे असले की तो कागद माझ्याकडेच येतो. टीचर म्हटले की तिला सगळे येते, असा आपल्या घरांतला समज. मीही तो कधी खोडून काढला नाही. मान मिळतो तो बरा वाटतो, खोटे कशाला बोलू?

माझे धाकटे दीर सोलापुरात टॉवेलचा छोटा धंदा करतात. दुसऱ्यांच्या मागावर विणून घ्यायचे, घरी कडा शिवायच्या, घड्या घालून पॅक करायचे. तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका दुकानदाराची ईमेलवर विचारणा आली. नमुने पसंत पडले आणि 1,200 टॉवेलांची बोलणी सुरू झाली. दीर इतके खूश की ऑर्डर पक्की होण्याआधीच त्यांनी सूत रंगवून घेतले. जावेने त्यात भिशीचे पैसे घातले.

आगाऊ रक्कम किती आणि उरलेली कधी, एवढेच विचारायचे राहिले होते. दीर म्हणाले, "भाभी, चांगल्या इंग्रजीत दोन ओळी लिहून द्या." मी लिहिले, 'वुई हॅव अ डाउट अबाउट युअर पेमेंट. काइंडली डू द नीडफुल.'

वर्गात आपण रोज म्हणतो, 'कुणाला काही शंका?' मुलेही 'टीचर, डाउट आहे' म्हणत हात वर करतात. आपल्याकडे डाउट म्हणजे प्रश्न. इंग्लंडात डाउट म्हणजे संशय. त्या गृहस्थांनी वाचले ते असे, की तुम्ही पैसे द्याल याचा आम्हाला भरवसा नाही. वर 'डू द नीडफुल' ही आपल्या जुन्या कचेऱ्यांची भाषा. नेमके काय करायचे ते तीत कुठेच नसते. संध्याकाळीच उत्तर आले. विश्वास नसेल तर व्यवहार न केलेला बरा, अशा अर्थाच्या दोन ओळी.

आम्ही समजलो, याला घ्यायचेच नसेल, निमित्त शोधत होता. पुण्यात आयटी कंपनीत काम करणारी माझी भाची ईदला आली, तेव्हा दिरांनी तिला ती मेल दाखवली. ती वाचून हसली, आणि माझा चेहरा बघून गप्प झाली. रंगवलेल्या सुताचा माल तोवर इथल्याच बाजारात पडत्या भावाने गेला होता. घरात मला कुणी एक शब्द बोलले नाही. जाऊ फक्त म्हणाली, "नसीब आपलं, भाभी." ते मला जास्त लागले.

मग शिकायला बसले. आधी रेन आणि मार्टिनचे जुने व्याकरण काढले. काळ सुधारले, आर्टिकल सुधारली, पण पत्र होते तसेच राहिले, लांबलचक आणि अंधुक. कारण दोष व्याकरणात नव्हता. इंग्रजी म्हणजे भारदस्तच असले पाहिजे, या समजुतीत होता.

तेव्हा अब्बा आठवले. आमच्या मोहल्ल्यातले निम्मे लोक सौदी-कुवेतला असायचे आणि त्यांच्या घरची पत्रे अब्बा उर्दूत लिहून द्यायचे. कुणी बाई येऊन बसली की कागद उघडण्याआधी विचारायचे, "पत्र वाचून त्यानं काय करायचं आहे, ते आधी सांग." पैसे पाठवायचे? यायचे? की नुसते समजून घ्यायचे? ते कळल्याशिवाय शाई दौतीतून निघत नसे.

आणि मी तर वर्गात गालिबची पत्रे शिकवते! लांबलचक अलकाब-आदाब बाजूला सारून गालिबने समोर बसून बोलावे तशी पत्रे लिहिली, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. 'ऊद-ए-हिंदी' 1868 सालची, 'उर्दू-ए-मुअल्ला' 1869 ची, हे मुलांकडून पाठ करून घेते. आणि स्वतः मात्र 'रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट' लिहीत होते.

आता अब्बांचा प्रश्न मी प्रत्येक मेलआधी विचारते. उत्तर पहिल्या दोन ओळींत आलेच पाहिजे. तपशील आकड्यांत. 'चांगला जाड टॉवेल' याला परदेशात अर्थ नाही. 70 बाय 140 सेंटिमीटर, 450 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला 450 ग्रॅम वजन, असे लिहिले की वाद उरत नाही. तारखेत महिना अक्षरी, कारण 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून आणि अमेरिकेत 6 मे. 'लाख'ही तिकडे कळत नाही, शून्ये मांडून लिहावे लागते.

दिरांची एक सवय होती, 'इन्शाअल्लाह सून' लिहायची. मी म्हटले, "इन्शाअल्लाह जरूर लिहा, भाई, पण 'सून' खोडा आणि तारीख घाला."

कडा शिवायचे मशीन बिघडले, तेव्हाही हेच उपयोगी पडले. 'मशीन नॉट वर्किंग प्रॉपर्ली, सेंड मेकॅनिक अर्जंटली' अशा तीन मेल दिरांनी कंपनीला पाठवल्या होत्या. उत्तर नाही. मग आम्ही मॉडेल नंबर लिहिला. दर दहा-बारा इंचांवर वरचा धागा तुटतो. सुई बदलली, धागा बदलला, ताण कमी केला, तरी तुटतो. सोबत फोटो. कोणता भाग बदलावा? दुसऱ्या दिवशी त्या भागाचा नंबर आला. मेकॅनिकची गरजच पडली नाही.

"आता फोनच इंग्रजी करून देतो, भाभी," असे दीर मधूनच म्हणतात. देतो की. मीही वापरते. पण आपले 'परवा' मागचे की पुढचे, उर्दूतला 'कल' गेलेला की येणारा, हे लिहिणाऱ्यानेच आधी ठरवायला हवे. मी 'शंका' दिली असती, तर फोननेही 'डाउट'च दिला असता.

त्या इंग्लंडच्या गृहस्थांनाही मी लिहिले, पुष्कळ उशिराने. चूक माझ्या शब्दाची होती, आम्हाला फक्त आगाऊ रक्कम विचारायची होती, माफ करा. तीन वाक्ये. त्यांचे उत्तर आले, तेही सभ्य. सध्या दुसरीकडून माल घेतो, गरज पडली तर कळवीन, म्हणाले. अजून कळवलेले नाही.

हल्ली मेल जाऊ लिहिते. दहावीपर्यंत शिकली, तीही उर्दूतून. जड शब्द तिला येत नाहीत, म्हणून तिची वाक्ये आपोआप चार-पाच शब्दांची होतात. परवा, म्हणजे गेल्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज पढून पुरुष घरी यायच्या आत तिने शारजाच्या एका व्यापाऱ्याला मेल लिहिली आणि फोन माझ्यापुढे धरला. "भाभी, स्पेलिंग तेवढं बघा." माल तयार, नग इतके, खोकी इतकी, निघण्याची तारीख अमुक, उरलेले पैसे त्याआधी पाठवा. मी 'रिसीव्ह'मधले 'आय' आणि 'ई' जागेवर ठेवले. बाकी हात लावण्यासारखे काही नव्हते.