पालखीतळावरचे मिस्त्री

आमच्या भागात त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख ठोकून दिली, ती जन्मभर चिकटली. आमच्या यांचीही तीच, १ जून १९६४. एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला सुटली तीही १ जूनला, १९४८ साली. हे एसटीतले मिस्त्री, त्यामुळे आगारात वर्धापनदिनाचा पेढा वाटला की हे तो आपल्याच वाढदिवसाचा समजून खायचे. ३१ मे २०२२ला अठ्ठावन्न पूर्ण होऊन हे निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो सगळं झालं. वर्कशॉपमधल्या पोरांनी फलटणभर मिरवत घरी आणून सोडलं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला हे अंथरुणात उठून बसले. पहिल्या पाळीला जायची सवय!

मी अंगणवाडी सेविका. माझी ड्यूटी अजून चालूच आहे, त्यामुळे घरात रिकामं माणूस एकटंच. आठवडाभरात गल्लीतल्या सगळ्या नळांचे वॉशर बदलून झाले. माझ्या शिलाई मशीनला इतकं तेल पाजलं की पहिल्या ब्लाउजपीसला डाग पडले. शेजारचे एक गृहस्थ निवृत्त झाल्यापासून बायकोला गॅस बारीक करायला शिकवतात, ते बघून मी धसका घेतला होता. पण यांचा स्वभाव शिकवण्याचा नाही, उघडून बघण्याचा.

खरा प्रश्न पैशांचा होता. एसटीच्या माणसाला राज्य सरकारच्या नोकरासारखी पेन्शन नसते. मिळते ती भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतली. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर, असा तिचा हिशेब. पगार कितीही असो, सहसा धरतात तो पंधरा हजारांपर्यंतच. उत्तर दहा हजारांच्या जवळपासही जात नाही. म्हणून ग्रॅच्युइटी आणि फंडाची रक्कम आली तेव्हा ती कशी लावायची याचा विचार आम्ही सगळ्यांनी बसून केला. मुलगा चाकणहून आला होता, सूनही होती, सासूबाई खाटेवर माळ ओढत ऐकत होत्या. आधी सोसायटीचं कर्ज फेडलं. मग मोठा भाग पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. साठी पूर्ण नसली तरी नियत वयाने निवृत्त झालेल्या पंचावन्नपुढच्या माणसाला तिथे खातं उघडता येतं. तेव्हाचा नियम मात्र पैसे हाती आल्यापासून एका महिन्याच्या आत, असा कडक होता. व्याज तेव्हा ७.४ टक्के, दर तीन महिन्यांनी जमा. पोस्टातल्या बाईंनी एवढे कागद मागितले, की हे म्हणाले, एवढ्या कागदांत इंजिन उतरवून परत बसवलं असतं.

त्याच बैठकीत यांनी हळूच सांगितलं, व्याजातला दहावा हिस्सा बाजूला काढायचा, देण्यासाठी. मुलगा गप्प झाला. त्याच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता होता आणि नात नुकतीच शाळेत जायला लागली होती. मीही गप्पच होते. उदार माणसाच्या घरी उधारी बायकोला निस्तरावी लागते, हे मी माहेरी पाहिलं होतं.

मग सासूबाईच बोलल्या. तुकोबांची सावकारी होती, दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण बुडवण्याआधी त्यांनी कागदांचे दोन वाटे केले आणि धाकट्या भावाचा वाटा त्याच्या हातात दिला, असं सांगतात, ते फारसं कुणी ध्यानात ठेवत नाही. कान्होबाला संसार होता. पाण्यात गेली ती फक्त आपल्या वाट्याची खतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तुझ्या वाट्यातलं दे. तिच्या नि पोराच्या वाट्याला हात लावू नको.” त्यावर मुलगा हसला आणि विषय मिटला. मला वाटतं, वारकरी पंथ एवढी शतकं टिकला तो याच व्यवहारामुळे. हा संसारी लोकांचा धर्म आहे. माळ घालायची, एकादशी धरायची, वारीला जायचं आणि परत येऊन शेतीला लागायचं.

पैसे ठेवायला बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठरला, पण द्यायचं कुणाला हे ठरत नव्हतं. एका मंदिराच्या कळसासाठी मंडळी पावतीपुस्तक घेऊन आली. देणगीदारांच्या फरशीवर नाव कोरू म्हणाली. यांनी चहा पाजून वाटेला लावलं. दूरच्या एका नातेवाइकाने धंद्यासाठी मागितले, त्यालाही नाही म्हणाले. डबा नुसता भरत राहील असं वाटत होतं, तोवर पालखी आली.

ते साल महत्त्वाचं होतं. करोनामुळे २०२० आणि २०२१ला पायी वारी झाली नव्हती. ३० जून २०२०ला माउलींच्या पादुका एसटीच्या गाडीतून पंढरपूरला गेल्या, तेव्हा हे टीव्हीसमोर हात जोडून उभे होते, आणि नमस्कार संपल्याबरोबर म्हणाले, “टायर नवीन घातलेत.” दोन वर्षांच्या खंडानंतर २१ जून २०२२ला आळंदीहून प्रस्थान झालं. लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण, तरडगाव असं करत सोहळा फलटणला विमानतळाच्या मैदानावर उतरला. सासूबाईंनी पस्तिशीपासून वारी केलेली, आता गुडघे गेले. हे त्यांना दर्शनाला रिक्षातून घेऊन गेले आणि परतताना वाटेत अडकले.

वारीत चालणारी माणसं दिसतात, त्यांच्यामागची वाहनं कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत. प्रत्येक दिंडीचा एक तरी ट्रक असतो. त्यात तंबू, राहुट्या, भांडी, शिधा, शे-दोनशे जणांची वळकटी. हा ट्रक पुढे जाऊन मुक्कामाला जागा धरतो. तो बंद पडला तर दिवसभर चालून आलेल्या माणसाला ना जेवण ना निवारा. मैदानाच्या कडेला मराठवाड्यातल्या एका दिंडीचा ट्रक असाच उभा होता. चालक स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवत होता. यांनी रिक्षा थांबवली आणि आईला सांगितलं, “दोन मिनिटं.”

डिझेल तळाला गेलं होतं आणि लाइनीत हवा शिरली होती. नुसतं डिझेल ओतून अशी गाडी सुरू होत नाही. यांनी फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू दोन आटे सैल केला आणि फीड पंपाची दांडी अंगठ्याने दाबायला लागले. आधी नुसती फुसफुस, मग फेसाळ डिझेल, साबणाच्या पाण्यासारखं. फेस संपून सलग धार येईपर्यंत दाबत राहायचं, आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पुढे दुसऱ्या ट्रकच्या बॅटरीवरून केबल लावली आणि चालकाला स्टार्टर मारायला लावून इंजेक्टरचे नट एकेक करून तसेच सैल करून आवळले. मग चालकाने चावी फिरवली, काळ्या धुराचा लोट सुटला आणि इंजिन लागलं. विणेकरी बुवा ऐंशीच्या घरातले, ते खाली वाकून यांच्या पाया पडले, हे त्यांच्या पडले. वारीत वय बघून नमस्कार होत नाही, समोरचा माउली असतो. रिक्षात बसलेल्या सासूबाईंना तोवर कुणीतरी द्रोणात पिठलं आणून दिलं होतं.

त्या रात्री डबा उघडला. फॅन बेल्ट, होज क्लिपा, फ्यूज, डिझेल फिल्टर, इन्सुलेशन टेप, एम-सील अशी यादी झाली. पुढच्या वर्षीपासून पालखी यायच्या आदल्या दिवशी मैदानाच्या तोंडाशी एक ताडपत्री, दोन जॅक आणि यांचं लोखंडी टूलबॉक्स दिसायला लागलं. नाभिक बांधव फुकट दाढी करतात, चप्पल शिवणारे अंगठे लावून देतात, डॉक्टर पायाच्या फोडांना पट्ट्या बांधतात. त्या रांगेत हे. मजुरीला पैसा नाही. दहा-वीस रुपयांच्या वस्तू डब्यातल्या, मोठा भाग लागला तर दिंडीने दुकानातून आणायचा. ब्रेकचं काम मात्र हे तिथे करत नाहीत. लायनर झिजलेला दिसला की गाडी सरळ गॅरेजला पाठवतात. एकदा एक दिंडीचालक फार विनवत होते, पंढरपूरपर्यंत ढकला म्हणून. हे ठाम राहिले, चाव्या काढून खिशात घातल्या आणि गॅरेजवाल्याला स्वतः बोलावून आणलं.

सगळं गोड चाललं होतं असं नाही. दुसऱ्याच वर्षी, पालखी मुक्कामी असताना, सासूबाईंना ताप भरला. मी अंगणवाडीच्या बायकांबरोबर आरोग्य केंद्राच्या कामाला जुंपलेली, आणि यांचा फोन टूलबॉक्सच्या तळाशी. शेजारणीने दवाखान्यात नेलं. रात्री हे आले तेव्हा मी बोलायचं ते सगळं बोलले. जगाच्या गाड्या सुरू करता, घरची बंद पडलीय त्याचं काय? त्यांनी उलट उत्तर दिलं नाही, पण तेव्हापासून व्यवस्था बदलली. सकाळी अकरापर्यंतचा वेळ आईचा. अंघोळ, गोळ्या, नाश्ता आणि तास-अर्धा तास पोथी. पालखीच्या दिवशीही यात बदल नाही. ताडपत्रीखाली तोवर आयटीआयची मुलं बसतात.

ही मुलं हा आमच्या घरातला नवाच भरणा. मोटर मेकॅनिकच्या वर्गाला आहेत. पुस्तकात सगळं वाचलेलं, पण हातात पाना आला की उलटा आटा फिरवतात. रविवारी आमच्या अंगणात एक जुनं इंजिन उघडं पडलेलं असतं आणि माझ्या वाळवणाला जागा नसते. त्यातल्या एकाचे वडील ऊसतोडीला जातात. त्याला यांनी डब्यातल्या पैशांतून पान्यांचा सेट घेऊन दिला, आणि कुणी दिला हे घरी सांगायचं नाही असंही बजावलं. पोराने अर्थात सांगितलं. त्याची आई हरभऱ्याची भाजी घेऊन आली, ती मात्र यांनी मागे पाठवली नाही.

नात सुट्टीत आली की तिच्याही हाती कापड देऊन स्पॅनर पुसायला बसवतात. दहाचा, बाराचा, चौदाचा, असे ती पाठ म्हणते. सून आधी तेलकट फ्रॉकवरून कुरकुरायची. गेल्या दिवाळीत तिनेच नातीला जुना बॉयलर सूट कापून शिवून आणला, माझ्याच मशीनवर.

सध्या घरात वाद वेगळाच आहे. यांना एक वर्ष तरी आळंदीपासून पायी जायचंय. आयुष्यभर वारीच्या जादा गाड्या दुरुस्त केल्या, पण स्वतः पंढरपूरजवळच्या वाखरीच्या पुढे कधी चालत गेलो नाही म्हणतात. मुलगा म्हणतो, सुट्टी टाकून आजीजवळ मी राहतो. आयटीआयची पोरं म्हणतात, ताडपत्री आम्ही सांभाळू, पण इंजेक्टर पंप उघडायची वेळ आली तर? सासूबाईंचं मत विचारलं, तर त्या म्हणाल्या, “जा की. पण मराठवाड्यातल्या त्याच दिंडीबरोबर जा, त्या ट्रकला तुझी गरज लागणार.” माझी रजा मंजूर झाली तर मीही जाणार आहे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आळंदीपर्यंत गाडीनेच जाऊ, असं मी सांगून टाकलंय. हे पुढच्या आठवड्यात त्या दिंडीचालकांना फोन करणार आहेत, जेवणाखाण्याची भिशी किती ते विचारायला. त्याआधी फिल्टर बदलला का, हे विचारतील याची मला खात्री आहे.