राळेगाव ते रावेरी : मोजलेली पावले

राळेगावात सकाळी फिरायला निघायचे तर आम्हाला रावेरीचा रस्ता बरा वाटतो. रावेरी गावापासून सुमारे तीन किलोमीटर. तिथल्या सीतेच्या मंदिरामुळे ते गाव ओळखले जाते; शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी त्याच्या जीर्णोद्धारासाठी पुढाकार घेतला होता. हंगामात वावरांमध्ये पऱ्हाटी फुटलेली असते आणि वेचणीला निघालेल्या बायांचे जथे भेटतात. ओळखीचे असले की जय भीम होतो, नसले तरी "एवढ्या सकाळी कोठे?" हा प्रश्न ठरलेला.

आम्ही या रस्त्याला लागलो ते हौसेने नव्हे. कचेरीत वीस वर्षे खुर्चीवर बसून कारकुनी केली, तिचे फळ रक्तातल्या साखरेच्या रूपाने पदरात पडले. डॉक्टर म्हणाले, "रोज दहा हजार पावले चाला." आमचा पिंड वाणिज्य शाखेचा, हिशेब लागल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून पेडोमीटर, म्हणजे पावले मोजणारे यंत्र, घेतले.

पहिले यंत्र स्वस्तातले होते. त्याच्या पोटात स्प्रिंगवर लोंबणारा एक छोटा दांडा असतो. पाऊल टाकले की कमरेला हिसका बसतो, दांडा हलतो आणि आकडा एकाने वाढतो. पण हिसका पावलाचा की गाडीचा हे त्याला काय कळणार? एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून आम्ही कामानिमित्त यवतमाळला जाऊन आलो, तर आकडा असा वाढला की जणू अर्धे अंतर पायीच तोडले! शिवाय पोट सुटलेल्या माणसाच्या पट्ट्याला ते लावले की तिरपे होते आणि पावले गाळते. आमचे तसेच झाले, हे कबूल करायला हरकत नाही.

म्हणून घेणाऱ्यांनी दुकानातच परीक्षा करावी. यंत्र कमरेला, गुडघ्याच्या सरळ रेषेत, उभे लावावे. मनात मोजत शंभर पावले नेहमीच्या चालीने चालावे. आकडा ९७ ते १०३ च्या आत आला तर घ्यावे, नाहीतर परत द्यावे. हातात मोबाईल असेल तर वेगळा खर्चही नको. त्यातही हालचाल ओळखणारा भाग असतो व तो पावले मोजतो. मात्र मोबाईल खिशात हवा, घरी चार्जिंगला लावून फिरायला गेलात तर तो काय मोजणार! अंतर काढायचे तर खडूने रेघ मारून दहा पावले चालावे आणि ते अंतर दहाने भागावे. आमचे पाऊल ६५ सेंटीमीटर भरले. म्हणजे रावेरी एका बाजूने सुमारे ४,६०० पावले, जाऊन-येऊन ९,२००. मोठ्या वहिनींचे पाऊल ५५ सेंटीमीटर, त्यांना तोच रस्ता साडेपाच हजारांच्या जवळ पडतो. तेव्हा एकाच्या आकड्याशी दुसऱ्याने शर्यत लावू नये.

वहिनींचे नाव आले म्हणून सांगतो. त्या वेचणीला जातात. एके दिवशी आम्ही हौसेने यंत्र त्यांच्या कमरेच्या पिशवीत बांधून दिले. वाटले, दिवसभर वावरात, आकडा वीस हजारांवर जाईल. संध्याकाळी पाहतो तो आमच्याहूनही कमी! वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळपासून कमर मोडली माही, अन् तुमचं मशीन म्हणते बाई चाललीच नाही. हे तं काट्यावरच्या माणसापेक्षा बेरकी दिसते."

आम्ही निरुत्तर झालो. वेचताना बाई वाकून, झाडागणिक अर्धे पाऊल सरकत जाते. कमरेला हिसका बसत नाही आणि मंद चालीची पावले अशा यंत्रातून निसटतात. डोक्यावरच्या कापसाच्या ओझ्याचेही त्यात खाते नाही. मजुरी किलोवर मिळते, यंत्र पावलावर मोजते, आणि वाकलेली पाठ दोन्हीकडे हिशेबाबाहेर राहते.

बरे, हा दहा हजारांचा आकडा आला कोठून? १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचे यंत्र विक्रीला आले. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे मोजमाप. विकणाऱ्यांचा आकडा पुढे साऱ्या जगाच्या तोंडी बसला. २०१९ साली अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांचा, सरासरी वय ७२, अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरेच कमी दिसले, आणि साडेसात हजारांपुढे फारसा फरक दिसला नाही. आम्ही हे डॉक्टरांना सांगितले. ते हसले व म्हणाले, "मग सात हजार चाला, पण रोज चाला."

साखर असलेल्यांनी आणखी एक करावे. घरी आल्यावर तळवे उजेडात पाहावेत. पायाची जाणीव कमी झाली की काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते. फाटकी चप्पल घालून यंत्रावर पैसे घालणे हा उलटा हिशेब. आधी बूट घ्यावेत. उन्हाळ्यात आपल्याकडचे ऊन सर्वांना ठाऊक आहे, उजाडण्यापूर्वी निघावे, आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असे चालावे.

वहिनींनी यंत्र दुसऱ्याच दिवशी परत केले. "तुमालेच राहू द्या," म्हणाल्या, "मले नुसतं बसायला मिळालं तरी पुरे." त्या सांजेला चहा आम्ही केला.