आधी चिठ्ठी, मग कीर्द

दिवाळीच्या बाजारात लाल कापडी बांधणीच्या वह्या दिसल्या की माझे पाय अजून थबकतात. आता त्या बहुधा पूजेपुरत्याच उरल्या आहेत. पाटावर वही मांडायची, हळदकुंकू वाहायचे, 'शुभ', 'लाभ' लिहायचे आणि खरा हिशेब मात्र संगणकात ठेवायचा. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या कोऱ्या कागदांचा वास आला की मला पेठचे एक दुकान आठवते, आणि पाठोपाठ पस्तीस रुपये आठवतात.

१९७० च्या सुमाराची गोष्ट. अकरावी होऊन मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावी एका किराणा-भुसाराच्या दुकानात लिहिण्याच्या कामाला लागलो होतो. पेठ म्हणजे डोंगर, रान आणि पावसाळ्यात नुसती संततधार. भोवतालच्या पाड्यांवरची माणसे नागली, भात, खुरासणी घेऊन येत. मीठ, मिरची, रॉकेल घेऊन जात. पुष्कळांची खाती उधारीची.

दुकानाचे दिवाणजी म्हातारे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मंत्र दिला, "आधी चिठ्ठी, मग कीर्द, मग खतावणी." व्यवहार झाला की जागच्या जागी चिठ्ठी लिहायची आणि तारेला टोचायची. संध्याकाळी त्या चिठ्ठ्या उतरवून कीर्द लिहायची, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मग कीर्दीतली प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन मांडायची. व्हेनिसला १४९४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लुका पाचोली नावाच्या साधूनेही आधी टिपणवही, मग रोजवही, मग खतावणी असाच क्रम सांगितला आहे, हे पुढे केव्हातरी माझ्या वाचनात आले. दिवाणजींनी पाचोलीचे नावही ऐकले नसावे. "पैसे हातात पडतात तेव्हा चिठ्ठी तिथे हजर असते," ते म्हणत. "कीर्द चिठ्ठीचे ऐकून लिहिते आणि खतावणी कीर्दीचे. म्हणून शंका आली तर चिठ्ठीला विचारावे."

मला मात्र वही आवडे. रात्री शिल्लक जुळली की कोण आनंद होई! एका पैच्या चुकीसाठी रात्र जागवणाऱ्या आणि चूक सापडताच टाळी वाजवणाऱ्या नाथांची कथा आपण लहानपणी ऐकतोच. स्वतःला मी नाथांच्याच पंक्तीतला समजत असे.

त्या वर्षी दिवाळीपूर्वी खाती बेरजेला आली. एका पाड्यावरचा शेतकरी आला. त्याच्या खात्यावर पस्तीस रुपये येणे निघत होते. "ते मी आखाडात भरले," तो म्हणाला. मी कीर्द आणि खतावणी त्याच्यापुढे उघडून दाखवली. जणू त्याला वाचताच येत होते! "पावती आहे का?" मी विचारले. पावती नव्हती. मीच दिली नव्हती. तो थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. पुढे भात निघाल्यावर त्याने पस्तीस रुपये पुन्हा भरले.

शाळेत इतिहासाच्या पुस्तकात मी सुप्याचा दंगा वाचला होता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. १८७९ साली कायदा झाला, आणि पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क त्यात आला. परीक्षेत यावर मला चांगले गुणही मिळाले होते.

वर्षभराने, वहीपूजनाच्या आधी, जुन्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे बांधत होतो. आखाडातली एक चिठ्ठी हाती आली. पस्तीस रुपये जमा. खाली नाव, आणि नावापुढे पाड्याचे नाव. माझ्याच अक्षरात. पोटात धस्स झाले. त्याच नावाचा दुसरा एक माणूस दुसऱ्या पाड्यावर होता. कीर्दीत उतरवताना मी आळसाने पाड्याचे नाव गाळले होते आणि खतावताना रक्कम त्या दुसऱ्याच्या खात्यावर जमा केली होती. एकूण जमा तेवढीच राहिली, म्हणून बेरजा बिनतक्रार जुळल्या. जुळलेला हिशेब खोटा असू शकतो, हे मला तेव्हा कळले.

दिवाणजी रागावले नाहीत. मी खोडायला लेखणी उचलली तेव्हा मात्र त्यांनी हात धरला. "वहीत खोडायचे नाही. आजच्या तारखेला कारण लिहून दुरुस्ती कर. त्याच्या नावे टाक, याचे जमा कर." मग त्यांनी गल्ल्यातून पस्तीस रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. "हे मात्र तू स्वतः पोचवायचे."

वाघबारसेचा दिवस होता. दोन तास चालून पाड्यावर पोचलो. घराचा कूड नुकताच शेणाने सारवलेला होता. फक्त दाराशेजारी वीतभर जागा कोरडी, जुनी सोडली होती. तिच्यावर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या. मी चूक सांगितली आणि पैसे पुढे केले. त्याने ते दोनदा मोजले. मग एका रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "ही आखाडातली." आणि शेवटच्या रेघेवर, "ही तुम्ही दुसऱ्यांदा घेतले ती." चुलीतला कोळसा आणून त्याने त्या शेवटच्या रेघेवर आडवी रेघ ओढली. पुसली नाही.

त्याची कीर्द वर्षभर बरोबर होती. पण ती कुडावर होती आणि माझी लाल वहीत.

पुढे आयुष्यभर हिशेबाचेच काम केले. कोणी मागण्याआधी पावती देण्याची सवय तेव्हापासून लागली, आणि गावपाड्यासकट पुरते नाव लिहिण्याचीही. लक्ष्मीपूजनाला मी घरखर्चाची वही पाटावर मांडतो. तिच्याशेजारी एक कोरी चिठ्ठीही ठेवतो आणि हळदकुंकू आधी तिला वाहतो.