डिझाइन स्टुडिओचा आराखडा: काही टिपणे

बँकेला द्यायच्या आराखड्यात पहिलं पान 'आमची दृष्टी' असतं. ते शेवटी लिहावं. आधी तासांचं पान.

दोघांचा स्टुडिओ धरू. दिवसाचे आठ तास, पण फोन, भेटी, प्रेसच्या फेऱ्या वजा जाता बिल लावता येतील असे पाचच उरतात. महिन्याचे २४ दिवस, म्हणजे दोघांचे मिळून २४० तास. भाडं, दोन पगार, वीज, सॉफ्टवेअर, फाँटचे परवाने असा खर्च एक लाख धरला, तर तासाला साधारण ४१७ रुपये नुसते तगून राहायला लागतात. नफा यात धरलेला नाही. लोगोला ३० तास लागत असतील तर तो साडेबारा हजारांखाली परवडतच नाही. 'बाजारात पाच हजारांत होतो' हे ऐकल्यावर दर उतरवणाऱ्यांनी आधी हे गणित करावं, असं मला कळकळीनं वाटतं.

करेक्शन किती, ते कोटेशनमध्येच लिहायचं. दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून तासाप्रमाणे.

नवी दुकानं पाडवा, अक्षय्य तृतीया, दसऱ्याला उघडतात. पितृपक्षात सहसा कुणी उघडत नाही. म्हणजे बोर्ड-लोगोचं काम मुहूर्ताच्या आधीच्या महिन्यात येतं. दिवाळी अंकांची मांडणी, जाहिरातीही दसऱ्याच्याच सुमारास. बारा महिन्यांची जमा सारखी दाखवलेला तक्ता खोटा ठरतो.

उधारी. चांगले स्टुडिओ कामाअभावी कमी आणि थकलेल्या बिलांपायी जास्त बुडतात, असं माझं मत आहे. लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, ती पहिल्याच आठवड्यात करावी. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण नेहमीच्या गिऱ्हाईकाला व्याज लावणं जिवावर येतं. म्हणून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, बाकीचे अंतिम फाइल देताना.

वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी, १८ टक्के. गिऱ्हाईकाने पैसे दिले नाहीत तरी सहसा भरावा लागतो. रोखीच्या तक्त्यात त्याची वेगळी ओळ हवी.

'ओपन फाइल द्या' ही मागणी येणारच. फाइलसोबत हक्कही द्यायचे तर कॉपीराइटचं हस्तांतरण लेखीच लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं. करारात दोन्ही लिहावं, आणि ओपन फाइलचा दर वेगळा.

स्पर्धकांच्या पानावर 'आम्ही स्वस्त' नको, वेगळं काय येतं ते लिहावं. इंग्रजी लोगोखाली मराठी नाव कसंबसं चिकटवलेल्या पाट्या कुठल्याही रस्त्यावर दिसतात. मात्रा वरच्या ओळीला आदळते, जोडाक्षर फुटतं. फाँट बनवणाऱ्या 'एक टाइप'च्या 'मुक्त', 'बलू'सारख्या देवनागरी फाँटमुळे मजकुराची सोय झाली. नावाचं अक्षर मात्र अजून हातानंच घडवावं लागतं, आणि ते येणारे कमी आहेत. आराखड्यात या कामाचं स्वतंत्र दरपत्रक असावं, पहिल्या वर्षापासून.