कपाला राहिलेली काकवी

कप उलटा धरला की काकवीची जाड धार पडते, मग ती बारीक होते, मग थेंबांवर येते, आणि कप आतून तपकिरी तो तपकिरीच. चमच्याने कितीही निपटली तरी तळाच्या कडेला थोडी उरतेच. केकच्या कृतीत मात्र निश्चिंतपणे लिहिलेलं असतं, पाऊण कप. कपात भरलेली पाऊण, की पिठात पडलेली?

सपाट भरलेल्या कपाची शिस्त अमेरिकेत फॅनी फार्मरबाईंच्या 1896च्या पाकपुस्तकाने रुजवली. मैद्याला, साखरेला ती शोभते. चिकट पदार्थ मापाला त्याचा वाटा देऊन मगच पुढे सरकतो. शिवाय तो जड. 240 मिलिलिटरच्या कपात पाणी 240 ग्रॅम मावतं, मध 340च्या आसपास. मिलिलिटर म्हणजेच ग्रॅम असं धरून चाललं तर केक फिका होतो.

चिकट वस्तू कशी मोजावी हे मी कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर पाहिलं. मामाबरोबर किटली घेऊन आम्ही मुलं गेलो होतो. चुलवाणात चिपाडं सारली जात होती. काहिलीत भेंडीचं पाणी पडलं की मळी वर यायची, ती झाऱ्याने काढून टाकायचे. रस तांबूस, दाट झाला. गूळ व्हायच्या आधीच काकवी काढून घ्यावी लागते, आणि ती वेळ गुळव्याची नजरच ओळखते.

"अण्णा, जरा दाट द्या की," मामा म्हणाला.

"दाट घिऊन काय करताय पाव्हणं, थंडीत किटलीतनं भाईर यायची न्हाई."

मग त्यांनी आमची रिकामी किटली तराजूच्या एका पारड्यात ठेवली, दुसऱ्यात दगड. काटा जुळेना. एक खडा काढला, त्याच्या जागी चिपाडाचा तुकडा टाकला, तो मोडून अर्धा केला. दांडी आडवी झाली तेव्हा धडा पुरा झाला. त्यानंतर वजनं पडली आणि काकवी ओतली गेली. किटलीला किती चिकटली, हे विचारायची गरजच राहिली नाही.

आजच्या डिजिटल काट्यावर हा धडा एका बटणात होतो. पिठाचं भांडं ठेवून शून्य करावं आणि थेट ओतावं. पण धार हातून सुटली तर पिठातून परत काढता येत नाही, म्हणून मला बरणीच काट्यावर ठेवणं पसंत आहे. शून्य करायचं, चमच्याने काढत राहायचं, उणे 200 दिसलं की थांबायचं. चमच्याची काकवी खरडून पिठातच गेली पाहिजे. काटा नसेल तर कृतीतलं तेल आधी त्याच कपाने मोजावं. मागून काकवी सरसर घसरते.

मध मात्र भाजायला माझा जीव धजत नाही. ओव्हनच्या आचेत त्याचा फुलांचा वास उडून जातो. काकवीचा खमंगपणा मुळी आचेतूनच आलेला, तो टिकतो. आणि तिचा केक दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. रविवारी पाहुणे यायचे असतील तर मी तो शनिवारी सकाळीच भाजते.